माशी आली तर राहीन

१९ जानेवारी, रविवार

पैज लागली! आमच्या घरात, रविवारच्या मटणावर, एका माशीवरून!

आईंना चिरागने गेल्या आठवड्यात नंदाखालहून इथे आणलं. वाडीत केळीच्या बुडाशी पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. सासरे गेल्यापासून एकट्याच राहतात तिथे. शेजारच्या एलिसाताई होत्या म्हणून बरं, त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. आज जेवता जेवता चिरागने विषय काढला. प्लॅस्टर निघालं तरी परत जायचं नाही. आता कायमचं इथेच, फुलपाड्याला. वाडी एलिसाताई बघतील. "परत पडलीस तर? दर वेळी कुणी येईलच का धावून?"

आई नळी चोखत होत्या. ती संपवली, ताटात ठेवली, मग म्हणाल्या, "तुज्या ह्या ग्यालरीत एक मधमाशी दाखव मला. जिथं माशी येत नाय तिथं मान्सानं ऱ्हावं कशाला?"

"डास येतात की," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"आणि आली तर?" चिराग.

"फुलावर बसली तर ऱ्हाईन."

"कायमची?"

"कायमची. पाडव्यापर्यंत मुदत. नाय आली तर गपगुमान नेऊन सोडायचं."

मायलेकांनी खरकट्या हातांनी टाळी दिली! सासूबाई, म्हणजे आमच्या पुतळाबाई, शब्दाच्या पक्क्या, हे मी दहा वर्षं बघतेय.

खरं लिहू? मला वाटलं, न येवो ती माशी. वन-बीएचके, एक बाथरूम, लॅबची ड्युटी, वर त्यांचं पहाटे पाचला उठून पातेली वाजवणं. पण डोक्यात किडा शिरलाय. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी येते का? आली तर तिला वाट कशी कळते? दिवसभर लोकांचं रक्त बघणारी बाई मी, उत्तर मिळेपर्यंत मला झोप येत नाही.

२० जानेवारी

ड्युटीवरून येताना नर्सरी. जंबो झेंडू चार, शेवंती दोन, कोकोपीटची वीट एक. रिक्षात सगळं मांडीवर.

२१ जानेवारी

आईंनी ती वीट हातात घेतली. वास घेतला. "हा तर नारळाचा भुसा!"

"कोकोपीट म्हणतात. ओल धरतं."

"इकत आनलास?"

आणि जे हसायला लागल्या! प्लॅस्टर पोटाशी धरून हसल्या. लगेच एलिसाताईंना फोन. "आगं, माजी सून नारळाचा भुसा दुकानातून आनते!" पलीकडचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. राग आला मला. आमच्या कराडात कुठे आहेत नारळाच्या वाड्या? मला काय माहीत?

पण इथे आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या.

मग मी कुंड्या भरायला बसले तर त्याही पाट घेऊन बसल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही पैजेत समोरच्या पार्टीच्या ना? तर म्हणतात, "पैज तिच्या जागी, झाड त्याच्या जागी. मूळ असं वाकडं कोंबू नको, त्याचा जीव जाईल." एका हाताने माती दाबत होत्या. त्यांच्या एका हाताचं काम माझ्या दोन हातांपेक्षा सुबक!

२ फेब्रुवारी, रविवार

फुलंच फुलं. माशी नाही. चिराग मोबाइल रोखून तासभर गॅलरीत. एक घरमाशी आली, तिचाही फोटो काढला येड्याने. "चालेल का?"

"ती तुज्या मटनाला आली," आई.

४ फेब्रुवारी

आज झेंडूचं एक फूल डब्याच्या पिशवीतून लॅबमध्ये नेलं. उपाशीपोटीचे पेशंट संपले, तेव्हा मायक्रोस्कोपखाली घातलं. पाकळीवर पाकळी, पाकळीवर पाकळी! पराग शोधता शोधता नाकी नऊ आले. बिचारी माशी येऊन खाणार काय?

आईंना सांगितलं. त्यांनी एक डोळा मिटला. विचार करताना मिटतात, हे मला आत्ता आत्ता कळलंय. "म्हंजे नुसता पोशाख. आत मानूसच नाय." मग म्हणाल्या, "एलिसाला सांगते. खरी झाडं पाठवील."

गंमत बघा. माशी आली तर त्यांना इथे अडकायचंय, आणि झाडं त्याच मागवतायत!

९ फेब्रुवारी, रविवार

एलिसाताई आल्या. दोन पिशव्या, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. दोन मोगरे, दोन तुळशी. शिवाय केळफूल आणि शिव्या, "ह्या पोरीने तुला बाल्कनीत कोंडली काय गं पुतळा?" कॉसमॉसची चार रोपं मी नर्सरीतून आणलीच होती. झेंडूची हकालपट्टी.

त्या गेल्यावर मी विचारलं, आई, माशीच का? कावळा का नाही, चिमणी का नाही?

त्यांनी केळफूल सोलायला घेतलं. मग सांगितलं. वाडीतल्या विहिरीला एक फट आहे. तिथे बारक्या काळ्या माश्यांचं घर आहे, त्यांच्या लग्नाच्या आधीपासून. न चावणाऱ्या. फटीच्या तोंडाशी मेणाची नळी, त्यातून ये-जा. विहीर बांधून काढली तेव्हा रामनाथ—म्हणजे माझे सासरे—गवंड्याच्या आडवे उभे राहिले. ही फट लिंपायची नाही! गवंडी म्हणाला, काका, पाणी झिरपेल. झिरपू दे म्हणाले.

"रोज सकाळी हे चा घेऊन तिथंच. माज्याशी बोलत नव्हते तेवढं माश्यांशी बोलायचे." आणि हसल्या. "आता मी बसते."

मेणाची नळी! मला ती बघायचीच आहे. दहा वर्षांत मी त्या विहिरीवर किती वेळा पाय धुतले, एकदाही वाकून बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी

वाचलेलं: मधमाशीला लाल रंग दिसत नाही! निळा, जांभळा, पिवळा दिसतो.

आईंना सांगितलं तर डोळा मिटून बसल्या. "मग जास्वंदीला कोन येतं?"

"पक्षी. लांब चोचवाले, शिंजीर."

"हां! येतात, येतात!" अशा खूश झाल्या की टाळ्याच वाजवायला निघाल्या, मग प्लॅस्टर आठवलं. आता मी ड्युटीवरून आले की पहिला प्रश्न, "आज काय वाचलंस?" चहा तयार असतो. एका हाताने केलेला, साखर जास्त.

२४ फेब्रुवारी

प्लॅस्टर निघालं. हात बारीक झालाय. त्यांनी तो मुलाचा हात धरावा तसा दुसऱ्या हातात धरला होता.

६ मार्च

कळ्या! मोगऱ्याला कळ्या, कॉसमॉसला कळ्या, तुळशींना मंजिरीचे तुरे फुटतायत. एक-दोन दिवसांत उमलेल सगळं. चिराग ऑफिसमधून दोनदा फोन करतो, "आली का?"

८ मार्च

काल दुपारी आले तर मोगऱ्याला एकही कळी नाही. गळाल्या म्हणावं तर खाली नाहीत. कॉसमॉसही मुंडा. तुळशीचे तुरे गायब. हे काय आता?

१२ मार्च

चिराग म्हणतो कबुतरं. जाळी बांधली. जाळीच्या आतल्या कळ्या गेल्या! उंदीर म्हणावा तर पानाला दात नाही. आईंना विचारलं, झाडांना रोग आहे का, त्या म्हणाल्या, "झाडं झकास हायत की." झाडं झकासच आहेत. फुटवे येतात, कळ्या येतात, दुपारपर्यंत काही नसतं. मी साडेसहाला घर सोडते, डब्याच्या घाईत गॅलरीकडे बघणं होतच नाही. माझ्या लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर सॅम्पल परत घेतलं असतं.

१५ मार्च, शनिवार

संध्याकाळी लिफ्टमध्ये घमघमाट. दुसऱ्या मजल्यावरची जेनिफर. केसात एवढुसा गजरा, मोगऱ्याचा!

"कुठून आणलास गं?"

"तुमच्याकडचाच! पुतळा आंटी देतात ना. एक दिवस मला, एक दिवस वॉचमनच्या बायकोला. सो स्वीट आहेत त्या!"

काखेत कळसा! मी तोंड मिटून वर आले. चिरागलाही सांगितलं नाही. उद्या रविवार आहे.

१६ मार्च, रविवार

सहाला उठले. गॅलरीत धड उजेडही नव्हता. आई मोगऱ्यापाशी उभ्या. नजर समोरच्या बिल्डिंगकडे आणि बोटं आपली आपली चाललेली. चिमटीत कळी, अंगठ्याने टुक्, ओच्यात. टुक्, ओच्यात. मग तुळशीची मंजिरी. मग कॉसमॉस.

मी भडकलेच. "आई! तुम्ही खुडताय? दोन महिने आम्ही मर मर मरतोय! पैज जिंकायची म्हणून असं फसवायचं?"

चिराग उठून आला. "आई, हे चीटिंग आहे."

त्यांनी ओच्यात बघितलं. खोटं नाही सांगत, त्याच दचकल्या. जणू कळ्या दुसऱ्याच कुणी टाकल्या. मग म्हणाल्या, "मोगरा उमलू द्यायचा? उमललेलं फूल घेतं कोन?"

पन्नास वर्षं! उजाडायच्या आत कळी खुडायची, टोपली भरायची, बाजारात पाठवायची. एक फूल उमललेलं निघालं तरी दलाल तोंड वाकडं करणार. कळी टपोरी झाली की हात जातो, डोकं लागत नाही. आणि मंजिरी? ती तर माझी मम्मीही खुडते. मंजिरी ठेवली की तुळस वाळते, हे कुठल्या बाईला माहीत नाही?

एवढं सगळं मला आत्ता रात्री जेवणानंतर सुचतंय. तेव्हा मी मात्र पुढे म्हटलं, "सांगायचं तरी होतं!"

"तुज्या माशीचंच फूल खुडते, हे ध्यानात आलं असतं तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. ओच्यातल्या कळ्या मोरीत नेऊन टाकल्या. टोपलीतली एक कळी वाया न घालवणारी बाई, मोरीत!

१७ मार्च

बोलत नाहीत.

१९ मार्च

गॅलरीकडे फिरकत नाहीत. पाणी मीच घालते. "आज काय वाचलंस" नाही. चहा असतो, झाकून ठेवलेला. सकाळी निघताना बघितलं, सोफ्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. थंडी कसली मार्चमध्ये! हात बांधून ठेवले होते त्यांनी.

मेलं माझं तोंड. मला घर सुनं वाटतंय. दोन महिन्यांपूर्वी पातेल्यांच्या आवाजावर वैतागणारी मीच ना?

२१ मार्च

माफी मागितली. सरळ पाय धरले आणि म्हटलं, चुकले. त्या म्हणाल्या, "पाय सोड, गुडघा दुखतो." झालं. मिटलं.

मग संध्याकाळी दोघी गॅलरीत पाटांवर. मोगऱ्याच्या चार टपोऱ्या कळ्या होत्या. दिवे लागायच्या वेळेला पहिली सैल झाली. हलताना दिसत नाही, पण नजर काढून परत बघावं तर आधीपेक्षा जास्त उघडलेली. आई एक डोळा मिटून, मान वाकडी करून बघत होत्या.

"सुटलेली कळी उमललेली बघितलीय. पन असं बसून, उमलताना नाय बघितलं कदी," म्हणाल्या. "वेळच कुटं होता?"

मी म्हटलं, मोगरा मधमाशीला फारसा आवडत नाही म्हणे, तुळस फार आवडते. तेव्हा त्या उठल्या, एका तुळशीवर बोट ठेवलं. "हिची मंजिरी नाय खुडायची. दुसरीची खुडीन. ही वाळली तर तू दुसरी लाव."

२४ मार्च

लिहून टाकते. मला त्या इथे हव्या आहेत. चिरागसाठी नाही, मनगटासाठी नाही, मला हव्या आहेत. "आज काय वाचलंस" विचारणारं दुसरं कोण आहे मला? आता मी त्या माशीची वाट चिरागपेक्षा जास्त बघते.

माशीबाई, सहा दिवस राहिले. या की!

२६ मार्च

मंजिरीला बारीक जांभळट फुलं आली. एक फुलपाखरू येऊन गेलं. चिराग नाचायला लागला, आई म्हणाल्या, "ती माशी नाय." कॉसमॉसला अजून आठवडा लागेल.

२७ मार्च

एलिसाताईंचा फोन. स्पीकरवर होता. म्हणत होत्या, वाडीतला मोगरा पांढरा झालाय कळ्यांनी, माझ्या एकटीच्याने होत नाही, अर्धा तसाच उमलून गळतोय.

फोन ठेवून आई स्वयंपाकघरात आल्या. माझी पोळी तव्यावर होती. मागून म्हणाल्या, "तुज्याकडं मला काय कमी नाय गं. खोटं नाय बोलनार. पन सकाळी जाग येते आनि हातांना काम नसतं. ह्यांचं काय करू?" दोन्ही हात पुढे धरले होते, कुणाची तरी वस्तू परत द्यायला आणावी तसे.

पोळी करपली.

संध्याकाळभर तेच डोक्यात. इथे माशी यायला हवी तर त्यांनी खुडायचं नाही. म्हणजे माशी आली की त्या कायमच्या इथे, आणि हात कायमचे पदरात. हे आधी का नाही सुचलं मला?

चिरागला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आणि परत पडली तर? तू येशील का उचलायला?" त्याचंही खोटं नाही. बाप गेला तेव्हा तो तिथे नव्हता.

२९ मार्च, शनिवार

आई सकाळपासून तुळशीसमोर बसून. मी म्हटलं, आई, पैज सोडून द्या ना, जायचं तर जा.

"आसं कसं? शब्द दिला. आली तर ऱ्हायचं, कुरकुर करायची नाय." आणि मग हळूच, "तुला बरंच वाटंल ना मी ऱ्हायले तर?"

"हो," मी म्हटलं. खरंच होतं ते.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. बोटं खरखरीत.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुनिंब, आंब्याचा टाळा, साखरेची गाठी. पूजेच्या ताटात मी तुळशीच्या मंजिऱ्या ठेवल्या.

चिराग ओरडलाच. "अगं ए! आजच खुडायच्या होत्या? आज शेवटचा दिवस!"

"सणाला देवाला नको?"

आईंनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं केलंस," म्हणाल्या. "नायतर वाळली असती."

चिरागने गाठीकडे बोट दाखवलं, हिला माशी आली तर? "साखरेला मुंगी पन येते. फुलावर हवी." दिवसभर तो गॅलरीतून हलला नाही. संध्याकाळी गुढी उतरवली. माशी नाही.

"हरलो," तो म्हणाला. श्रीखंड खाल्लं नाही त्याने. मलाही जास्त लिहवत नाही आज.

३१ मार्च

चिराग त्यांना नंदाखालला सोडायला गेला. मी ड्युटीवरून सुटून मागाहून गेले, रात्री त्याच्याबरोबर परत. एलिसाताई फाटकात उभ्या होत्या. ठरलंय असं: केळीच्या बुडाशी जायचं नाही, मोबाइल कमरेला, सकाळ-संध्याकाळ फोन, आणि दर रविवारी आम्ही तिकडे. चिरागने तीनदा वदवून घेतलं.

मेणाची नळी बघितली! बोटाएवढी, तपकिरी. तोंडाशी माश्या पहारा देतात. आई म्हणाल्या, "वाक अजून, चावत नायत." आणि लगेच मोगऱ्याकडे वळल्या. दुपारची वेळ, खुडायची नव्हे, तरी हात गेलाच.

५ एप्रिल

सकाळी सातला आईंचा फोन. टोपली भरली म्हणाल्या. मनगट थोडं दुखतं, पण झेपतंय. मग, "तुज्याकडं आली का गं माशी?"

"नाही आई."

"येईल हां. धीर धर." माझीच समजूत घातली त्यांनी!

आली होती. पाडव्याला सकाळीच. आई आंघोळीला, चिराग खाली आंब्याचा टाळा आणायला गेलेला. पोटावर पिवळे पट्टे, मधमाशीच. तुळशीच्या मंजिरीवर बसली, फुलावर, अगदी पैजेत ठरली होती तशी. मी श्वास रोखून बघितली. मग ओढणीने हाकलली. परत आली. तेव्हा सगळ्या मंजिऱ्या खुडल्या, एकही ठेवली नाही.